सही करणारा हात

२३ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावर येथील राणा प्लाझा या आठ मजली इमारतीला मोठ्या भेगा पडलेल्या आढळल्या. पाहणीसाठी आलेल्या अभियंत्याने इमारत धोकादायक असल्याचे सांगितले आणि ती रिकामी करण्यात आली. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद राहिली. वरच्या मजल्यांवर कपडे शिवणाऱ्या कामगारांना मात्र कामावर बोलावण्यात आले, आणि न आल्यास पगार मिळणार नाही असे त्यांच्यापैकी अनेकांना बजावण्यात आले. सकाळी नऊच्या सुमारास इमारत कोसळली. १,१३४ माणसे मेली.

या घटनेनंतर जगभरच्या सुखवस्तू माणसांनी स्वतःला विचारलेला प्रश्न असा होता: माझ्या अंगावरचा शर्ट तिथे शिवलेला तर नाही ना? प्रश्न प्रामाणिक होता आणि तो विचारणाऱ्यांविषयी मला आदरच आहे. पण आधुनिक जगात नीतीने कसे जगावे या विचाराची सुरुवात या प्रश्नापासून केली की तो विचार लवकरच आडवाटेला लागतो, असे माझे मत गेल्या काही वर्षांत पक्के होत गेले आहे. त्या सकाळचा निर्णायक प्रश्न दूरच्या कुठल्या तरी कपाटातल्या शर्टाचा नव्हता. एकाच इमारतीत, एकच भेग पाहून, एका मजल्यावरच्या माणसांना कोणीतरी घरी राहायला सांगितले आणि दुसऱ्या मजल्यांवरच्या माणसांना कोणीतरी जिना चढायला लावले, हा तो प्रश्न होता.

शर्टाचा प्रश्न आपल्याला आधी का सुचतो, हे समजण्यासारखे आहे. आपण वापरतो ती जवळजवळ प्रत्येक वस्तू अशा साखळीतून येते, जिचे दुसरे टोक आपल्याला दिसत नाही. मोबाइलच्या आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना लागणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे ७० टक्के एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो, आणि तिथल्या काही खाणींमध्ये माणसे, त्यांत मुलेही, हातांनी खणतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या मजुरीत अडकलेली होती. त्यांच्या श्रमाचा अंश नेमक्या कोणत्या वस्तूत किती उतरला आहे, हे ती वस्तू वापरणाऱ्याला कळणे जवळजवळ अशक्य असते, कारण कच्चा माल, सुटे भाग, जुळणी आणि विक्री या प्रत्येक टप्प्यावर एक कंत्राटदार असतो आणि त्याच्या खाली आणखी एक पोटकंत्राटदार. हे सारे समजल्यावर संवेदनशील माणूस पहिला प्रयत्न करतो तो स्वतःचे हात निर्मळ ठेवण्याचा. तो याद्या करतो, लेबले वाचतो, हे टाळतो, ते सोडतो.

मीही बराच काळ असा हिशेब ठेवला आहे. त्यातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. या हिशेबाला शेवट नसतो, आणि तो जितका काटेकोर करावा तितके त्यातले लक्ष पीडित माणसावरून सरकत सरकत हिशेब ठेवणाऱ्यावर येते. सुरुवातीला प्रश्न ‘त्याचे काय होते’ असा असतो, काही दिवसांनी तो ‘मी दोषी आहे की नाही’ असा होतो. आपल्या भाषेत याला सोवळेपणा म्हणतात, आणि सोवळेपणात इतरांना लांब ठेवण्याची जी वृत्ती असते तीही मग मागोमाग येते: ज्याला पर्यायी वस्तू परवडत नाही, ज्याला लेबल वाचायला वेळ नाही, तो आपल्या नजरेत नकळत कमी नीतिमान ठरू लागतो. नीती ही पैसा आणि फुरसत असणाऱ्यांची मिरास झाली, तर ती नीती राहत नाही.

शिवाय दोषाचा हा हिशेब प्रत्येकाने वैयक्तिकरीत्या मांडत बसण्यात काहींचे हितही असते. व्यक्तीचे ‘कार्बन पाऊलठसे’, म्हणजे तिच्या जगण्यातून हवेत किती कार्बन जातो याचा हिशेब, ही कल्पना सर्वसामान्यांच्या तोंडी रुळवण्यात २००० नंतरच्या दशकात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरात मोहिमेचा मोठा वाटा होता. कल्पना चुकीची नाही. माझ्या प्रवासाचा आणि माझ्या विजेचा परिणाम खरोखरच होतो. पण प्रत्येक जण स्वतःचा आकडा मोजू लागला की तेल किती काढायचे, वीज कशापासून निर्माण करायची आणि याविषयीचे नियम कोणी ठरवायचे, हे प्रश्न मागे पडतात. ज्या ठिकाणी मोठे निर्णय होतात तिथून नजर हटते आणि आरशावर खिळते.

याचा अर्थ वस्तू टाळण्याला काहीच किंमत नाही, असा मुळीच नव्हे. १७९१ साली ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव फेटाळला, तेव्हा ब्रिटनमधल्या लाखो लोकांनी गुलामांच्या श्रमातून आलेली साखर वापरणे सोडले. मतदानाचा हक्क नसलेल्या स्त्रिया त्यात मोठ्या संख्येने होत्या, कारण घरात काय यावे हा त्यांच्या हातातला एकमेव सार्वजनिक निर्णय होता. पण त्या बहिष्काराची ताकद साखर न खाणाऱ्याच्या शुद्धतेत नव्हती. पत्रके छापली जात होती, सभा होत होत्या, पुढच्याच वर्षी संसदेकडे शेकडो अर्ज लाखो सह्यांनिशी पोहोचले, आणि त्याच काळात कॅरिबियन बेटांवर गुलाम स्वतः उठाव करत होते. व्यापार १८०७ साली कायद्याने बंद झाला आणि गुलामगिरी नष्ट करणारा कायदा १८३३ साली झाला. साखर सोडणे हे त्या लढ्यात सामील असल्याची जाहीर खूण होती. तीच कृती एखाद्याने फक्त स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी, कोणाला न सांगता आणि दुसरे काहीही न करता केली असती, तर गुलामाच्या आयुष्यात तिने काय बदलले असते, हे मला सांगता येत नाही.

मग आधुनिक नीतीची खरी अडचण कुठे आहे? ती अंतरात आहे, असे सहसा मानले जाते. १७५९ साली ॲडम स्मिथने लिहिले होते की दूरच्या चीनमध्ये भूकंपात असंख्य माणसे गाडली गेल्याची बातमी ऐकून हळहळणारा युरोपीय माणूस रात्री स्वस्थ झोपेल, पण उद्या आपली करंगळी जाणार आहे हे कळले तर त्याला झोप लागणार नाही. १९७२ साली तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी याच दुखण्यावर बोट ठेवले: समोरच्या तळ्यात बुडणाऱ्या मुलाला वाचवताना कपडे खराब होतील म्हणून थांबणाऱ्याला आपण क्षमा करणार नाही, मग दूर उपाशी मरणारे मूल वेगळे का? हा युक्तिवाद मला आजही खोडता आलेला नाही. तरीही मला वाटते की अंतराहून मोठी अडचण दुसरीच आहे, आणि ती म्हणजे कृतीचे तुकडे होणे.

पूर्वी ज्याने मारले त्याला आपण मारले हे माहीत असे. आज एखादे मोठे नुकसान घडते तेव्हा त्यात शेकडो माणसांचा हात असतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला आलेली कृती इतकी छोटी, इतकी रोजची असते की तिच्यात अन्याय दिसतच नाही. डेरेक पार्फिट या तत्त्वज्ञाने १९८४ साली याचे एक काल्पनिक उदाहरण दिले. हजार छळकर्ते आहेत आणि हजार बळी. प्रत्येक छळकर्ता एकच बटण दाबतो, ज्याने प्रत्येक बळीची वेदना इतकी किंचित वाढते की ती जाणवतही नाही. हजार बटणे दाबून झाल्यावर मात्र प्रत्येक बळी असह्य यातनेत असतो. यातला कोणीही आपण अमुक माणसाला दुखावले असे म्हणू शकत नाही. या उदाहरणातली बटणे काल्पनिक आहेत. पण ‘फाइल माझ्याकडे आली, मी पुढे पाठवली’, ‘वरून आदेश आहे’, ‘ते माझ्या विभागात येत नाही’ ही वाक्ये काल्पनिक नाहीत.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम यांनी केलेले प्रयोग बहुतेकांनी ऐकलेले असतात: प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून ४० पैकी २६ सामान्य माणसांनी समोरच्याला विजेचे जास्तीत जास्त तीव्र धक्के देण्याचे बटण दाबले. धक्के खोटे होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. या प्रयोगांवर पुढे गंभीर आक्षेप घेतले गेले, आणि काही सहभागींना हे नाटक असल्याचा संशय आला होता असेही दिसते, म्हणून त्यांचे आकडे मी अंतिम सत्य म्हणून मांडत नाही. पण त्यांतले दोन कमी चर्चिले गेलेले प्रकार मला महत्त्वाचे वाटतात. एका प्रकारात धक्क्याचे बटण दुसरा माणूस दाबत असे आणि सहभागीकडे फक्त बाजूचे किरकोळ काम असे. तिथे ४० पैकी ३७ जण शेवटपर्यंत बसून राहिले. कृती वाटली गेली आणि विरोध जवळजवळ नाहीसा झाला. दुसऱ्या प्रकाराकडे मी नंतर येतो.

तुकडे झालेल्या या जगात नीतीने जगणे म्हणजे, माझ्या मते, साखळीतली आपली कडी ओळखणे. आपण सर्व ठिकाणी सारखे असहाय नसतो. दुकानात आपण कोट्यवधी ग्राहकांपैकी एक असतो. पण आपल्या कामाच्या जागी बहुतेकांच्या आयुष्यात असा एखादा बिंदू येतो, जिथे आपल्या होकाराशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. कोणी तपासणीचा अहवाल लिहितो, कोणी ताळेबंदावर सही करतो, कोणी औषधाची मात्रा ठरवतो, कोणी बातमीचा मथळा देतो, कोणी परीक्षेचा निकाल लावतो, कोणी एखाद्या संगणकप्रणालीचा नियम लिहितो. माणसाची नैतिक परीक्षा इथे होते, आणि ती बहुधा साध्या कागदाच्या रूपात समोर येते.

१९६० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात नव्याने रुजू झालेल्या डॉ. फ्रान्सिस केल्सी यांच्या टेबलावर थॅलिडोमाइड या औषधाच्या परवानगीचा अर्ज आला. औषध अनेक देशांत आधीच विकले जात होते आणि गरोदर स्त्रियांना मळमळीवर दिले जात होते. त्या काळच्या नियमानुसार प्रशासनाने ६० दिवसांत हरकत घेतली नाही, तर परवानगी आपोआप मिळत असे. केल्सी यांनी माहिती अपुरी असल्याचे कळवले, आणि पुन्हा अर्ज आला तेव्हा पुन्हा तेच कळवले. कंपनीने दबाव आणला, त्यांच्या वरिष्ठांकडे तक्रारी केल्या. त्या वर्षभराहून अधिक काळ ठाम राहिल्या. १९६१च्या अखेरीस या औषधामुळे जगात ठिकठिकाणी हातापायांत गंभीर व्यंग असलेली मुले जन्माला येत असल्याचे उघड झाले. अशा मुलांची संख्या १०,००० हून अधिक असल्याचे मानले जाते. अमेरिकेत, डॉक्टरांना आधीच दिलेल्या औषधाच्या नमुन्यांमुळे झालेली मोजकी प्रकरणे सोडली, तर ही आपत्ती टळली.

या प्रसंगातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी आहे की अर्ज अडवला तेव्हा केल्सी यांना गर्भावरच्या या परिणामाची माहिती नव्हती. त्यांना भविष्य दिसत नव्हते आणि त्या कोणा खलनायकाशी लढतही नव्हत्या. जे सिद्ध झालेले नाही त्याच्याखाली ‘सिद्ध झाले आहे’ असे लिहायला त्यांनी नकार दिला, इतकेच. नैतिक निर्णय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चांगले आणि वाईट यांचा स्पष्ट सामना येतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा ‘मला नक्की माहीत नाही’ हे दबावाखालीही म्हणण्यापुरता असतो. प्रामाणिकपणा आणि करुणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे आपण समजतो, पण त्या टेबलावर त्या एकच होत्या.

यावर एक आक्षेप हमखास येतो: मी सही केली नाही तर दुसरा कोणीतरी करील, मग माझ्या नकाराने काय साधले? हा आक्षेप पोकळ नाही, कारण तसे घडल्याची उदाहरणे आहेत. २७ जानेवारी १९८६च्या संध्याकाळी चॅलेंजर या अंतराळयानाच्या रॉकेटचे भाग बनवणाऱ्या कंपनीतले अभियंते सांगत होते की एवढ्या थंडीत सांध्यांमधली रबरी कडी नीट बसणार नाहीत, उड्डाण करू नये. त्यांच्या प्रमुखाला वरिष्ठांनी सांगितले की अभियंत्याची टोपी काढा आणि व्यवस्थापकाची घाला. कंपनीचे उड्डाणस्थळावरचे प्रतिनिधी ॲलन मॅकडोनाल्ड यांनी उड्डाणाच्या शिफारशीवर सही करायला नकार दिला. त्यांच्या वरिष्ठाने सही केली आणि कागद फॅक्सने पाठवला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान उद्ध्वस्त झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

म्हणजे मॅकडोनाल्ड यांचा नकार व्यर्थ गेला का? त्या रात्रीपुरता, होय. पण चौकशी आयोगापुढे आदल्या रात्री काय घडले हे सांगायला ते उभे राहू शकले, आणि सही नाकारलेल्या माणसाच्या शब्दाला जे वजन असते ते त्यांच्या साक्षीला आले. कंपनीने त्यांना पदावरून खाली आणले. लोकप्रतिनिधींनी हस्तक्षेप केल्यावर त्यांना परत घेण्यात आले आणि रॉकेटच्या नव्या रचनेचे काम त्यांच्याच हाती आले. ‘दुसरा कोणीतरी करील’ हे विधान रांगेतल्या प्रत्येकाने खरे मानले म्हणूनच खरे ठरते. आणि हा ‘दुसरा’ माणूस दगडाचा बनलेला नसतो, तोही आपल्याकडे पाहत असतो. मिलग्रॅम यांच्या प्रयोगाचा मघाशी राखून ठेवलेला प्रकार हेच दाखवतो. त्यात सहभागीच्या शेजारी आणखी दोन जण बसवले होते आणि ठरल्याप्रमाणे ते मध्येच उठून ‘आम्ही पुढे करणार नाही’ असे म्हणत. तेव्हा ४० पैकी फक्त चौघे शेवटपर्यंत गेले. २६ चे चार झाले ते प्रवचनाने किंवा शिक्षेच्या भीतीने झाले नाहीत. शेजारच्या माणसाने नाही म्हटले, एवढ्याने झाले.

याची उलट बाजू ब्रिटनच्या टपाल खात्यात दिसली. तिथे १९९९ पासून वापरात आलेल्या होरायझन या संगणकप्रणालीतील दोषांमुळे गावोगावच्या टपाल कार्यालयांच्या हिशेबात खोटी तूट दिसू लागली. प्रणाली चुकूच शकत नाही असे गृहीत धरून ९०० हून अधिक चालकांना चोरी आणि फसवणुकीच्या गुन्ह्यांत दोषी ठरवण्यात आले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. मदत मागणाऱ्या अनेकांना ‘अशी तक्रार फक्त तुमचीच आहे’ असे सांगण्यात आले, असे त्यांनी पुढे सांगितले. एकाला दुसऱ्यापासून तोडले की नकार देणे किती अवघड होते, हे या एका वाक्यात आहे. २०२४ साली संसदेला कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. आता तर कर्ज, नोकरी, सरकारी मदत यांचे निर्णयही संगणकाकडे सोपवले जात आहेत, आणि ‘सिस्टिममध्ये तसे दिसते आहे’ हे वाक्य जबाबदारी कोणाच्याच अंगाला न लागू देणारे सर्वांत सोयीचे वाक्य झाले आहे. पडद्यावर जे दिसते ते तपासून पाहण्याची जबाबदारी पडद्यासमोर बसलेल्या माणसाची आहे, आणि त्याला तपासायला वेळ आणि अधिकार देण्याची जबाबदारी त्याच्या वरच्याची.

वेळेचा उल्लेख मी सहज केलेला नाही. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषणासाठी पाठवण्यात आले आणि वाटेत एक माणूस विव्हळत पडलेला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के मदतीला थांबले. उशीर झाला आहे असे सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. काहींच्या भाषणाचा विषय तर वाटेत पडलेल्या जखमीला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाची कथा हाच होता, पण त्याने फारसा फरक पडला नाही. आपल्या कामाचा वेग कोण ठरवतो, हा त्यामुळे नीतीचाही प्रश्न आहे.

आता या सगळ्या विचाराला ज्या माणसांपुढे थांबावे लागते, त्यांच्याकडे यायला हवे. केल्सी यांच्या पाठीशी कायदा होता, मॅकडोनाल्ड यांच्या पाठीशी अखेर संसद उभी राहिली. राणा प्लाझाच्या वरच्या मजल्यावर यंत्रापुढे बसलेल्या शिवणकामगाराच्या पाठीशी काय होते? तिलाही भेग दिसली होती. जिना चढायचा नाही हे तिला समजत होते, पण नकाराची किंमत घरातल्या सर्वांच्या पोटाएवढी होती. तिने धैर्य दाखवायला हवे होते असे म्हणणे हा अन्याय आहे. नकार देण्याची ताकद जगात फार असमान वाटली गेलेली आहे, आणि म्हणून ज्याला नकार स्वस्तात देता येतो त्याच्यावर दोन जबाबदाऱ्या येतात: स्वतःच्या जागेवर तो देणे, आणि ज्याला तो परवडत नाही त्याच्यासाठी तो परवडेल अशी व्यवस्था उभी करणे. दुसऱ्या जबाबदारीसाठी संघटना, कायदे, करार आणि त्यांची अंमलबजावणी लागते. ही कामे कंटाळवाणी असतात आणि त्यांनी कोणाचे हात निर्मळ होत नाहीत. त्यात तडजोडी कराव्या लागतात आणि ज्यांच्याविषयी राग आहे त्यांच्याशी एका टेबलावर बसावे लागते.

राणा प्लाझा कोसळल्यानंतर महिन्याभराच्या आत, मे २०१३ मध्ये, कामगार संघटना आणि कपड्यांच्या आंतरराष्ट्रीय कंपन्या यांच्यात असे टेबल मांडले गेले. तिथे झालेल्या, कायद्याने बंधनकारक असलेल्या करारावर पुढे २०० हून अधिक कंपन्यांनी सह्या केल्या. त्यात स्वतंत्र तपासणी, आग आणि इमारतींची सुरक्षा, दुरुस्तीचा खर्च यांविषयीची कलमे होती. त्यातच एक तरतूद अशी होती की एखादी इमारत असुरक्षित आहे असे मानण्यास वाजवी कारण असेल, तर कामगाराला तिच्यात पाऊल ठेवायला नकार देता येईल आणि त्याबद्दल त्याचा पगार कापता येणार नाही.